सातबाऱ्यावरचा माळढोक

मामांना करमाळा तालुक्यातली स्वतःची दोन एकर विकायची होती. थोरल्याला घर बांधायचं होतं, त्यासाठी पैसा हवा होता. गिऱ्हाईक ठरलं, इसारही झाला. दस्ताच्या दिवशी कारकुनाने सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'वर बोट ठेवलं. माळढोक अभयारण्य, नोंदणी होणार नाही. आजही तो दिवस आठवला की माझं डोकं तापतं.

1979 साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यात गावं, बाजारपेठा, एसटी स्टँड, सगळं आलं. पुढे उजनीच्या पाण्याने ऊस आला आणि कागदावर राखीव असलेला माळ नांगराखाली गेला.

वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 20 सांगतं की अधिसूचनेनंतर अभयारण्यातल्या जमिनीवर नवा हक्क मिळत नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा. म्हणजे मामांच्या माघारी ती जमीन मुलाला मिळणार. मामांच्या हयातीत मात्र त्याच्याच घरासाठी विकता येणार नाही! याच कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांनी हक्कांची चौकशी करावी, जमीन वगळावी, संपादित करावी किंवा हक्क चालू ठेवावेत, असंही लिहिलंय. मामांना ना कधी नोटीस आली, ना मोबदला. बंदी तेवढी चोख पोचली.

मामा माळढोक पक्ष्यावर मात्र कधी चिडले नाहीत. गुरं वळायच्या वयात त्यांनी पावसाच्या तोंडावर नर पाहिला होता. शेपूट पाठीवर उलटलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पायांपर्यंत लोंबलेली, आणि त्याचं घुमणं लांबच्या बांधावरही ऐकू येणारं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकलं की बंदी हवीच, असं मलाही वाटतं.

पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. मामांचा गट सुटला. तोवर व्यवहार मोडला होता. आणि माळढोक? 2011 पासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात.

पक्षी जिथे खरोखर अंडी घालतो, तो माळ आधी नेमका आखा. तिथल्या हक्कांची चौकशी वेळेत उरका. आणि माळ न नांगरणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी एकरी पैसे द्या.