जोर कुठे द्यायचा

पुणे

चि. सई हिस,



गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग स्वतः घरी बदलायचं म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी दुखणं नक्की कर. वेग वाढला की जात्यासारखी घरघर येते म्हणालीस. टायर वेडेवाकडे झिजले तरी तसाच आवाज येतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे घे. तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. आवाज वाढला, तर संशय उजव्या बाजूवर. मग चाक उचलून एका हाताने फिरव आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेव. बेअरिंग गेलं असेल तर खरखर थेट बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवूनही बघ, पण बॉल जॉइंट सैल असला तरी ते हलतं, हे विसरू नकोस.

ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. मग मागच्या चाकांना अटकण लाव, गाडी उचल आणि घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकव. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ही एक गोष्ट तुझ्या मामाचा हुकूम समज. कॅलिपर काढलास की तारेने स्प्रिंगला बांध. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. बेअरिंगला दोन कड्या असतात, बाहेरची आणि आतली, आणि मधे छर्रे. तुझ्या गाडीत बाहेरची कडी नकलमध्ये, म्हणजे सस्पेन्शनला जोडलेल्या चाकाच्या सांध्यात, घट्ट बसते आणि आतल्या कडीत हब. नवीन बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर हवा. पुढे हब दाबताना मागून आधार आतल्या कडीलाच हवा. इथे गफलत झाली तर सगळा दाब छर्र्यांमधून जातो, त्यांच्या धावेवर बारीक खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग गाडी हलायच्या आत बाद होतं. वरून काहीच दिसत नाही. थोड्याच दिवसांत घरघर पुन्हा सुरू होते आणि माणूस मालाला दोष देतो.

म्हणून हातोड्याने ठोकू नकोस. नकल सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा आणि समोर उभी राहा. जुनं बेअरिंग काढण्याआधी सर्क्लिप निघाली आहे ना, ते बघ. हब निघताना आतली कडी बहुधा त्याच्यावरच अडकून येते. घाबरू नकोस, ती पुलरने निघते. तिच्या धावेवरून नख फिरव. चकचकीत पोलादाचे टवके उडालेले लागतील. ती घरघर तिथूनच येत होती.

बेअरिंगची ही विद्या जुनी आहे. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी छर्र्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेही घोडागाडीच्या आसासाठी. १८९८ मध्ये निमुळत्या रोलर बेअरिंगचं पेटंट घेणारे हेन्री टिमकेनही बग्ग्याच बांधत. आपल्या चिंचवडला एसकेएफच्या कारखान्यात बेअरिंगं बनतात. चाक हलकं फिरावं म्हणून इतक्या लोकांनी डोकं आणि हात झिजवले आहेत. त्या कामाचा मान राख: जागा स्वच्छ पूस, बेअरिंग बसवायच्या वेळेपर्यंत वेष्टनातच राहू दे, एबीएसचं चुंबकी सील असेल तर ती बाजू सेन्सरकडे कर.

जोडताना नट नवीन वापर आणि मॅन्युअलमधल्या आकड्याइतका टॉर्क रेंचनेच आवळ. तो पुरता आवळेपर्यंत चाकावर गाडीचं वजन येऊ देऊ नकोस. नंतर ब्रेकचं पेडल दोन-चारदा दाब, ते कडक लागलं की मगच गाडी हलव. पहिली फेरी सावकाश मार आणि परत आल्यावर हबला हात लावून बघ, पण जपून. चटका बसण्याइतका तापला असेल तर पुन्हा उघडायला हवं.

प्रेसचं काम बाहेरून करून आणलं, म्हणजे बेअरिंग घरी बदललं नाही, असं कुणी म्हणेल. ऐकून घे आणि सोडून दे. यंत्र कुणाचंही असो, जोर कोणत्या कडीवर पडतोय हे ज्याला कळतं, त्यानेच ते बेअरिंग बसवलेलं असतं.

काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा