हेडफोनमधला फेला, भोंग्यावरचे वामनदादा

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात फेला कुटी ऐकणं म्हणजे एकदम कूल. नायजेरियाचा हा ॲफ्रोबीटवाला. १९७६ मध्ये ‘झॉम्बी’ गाण्यात त्यानं सैनिकांची टर उडवली, १९७७ मध्ये लष्करानं त्याचं लागोसमधलं घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं. तरी गडी गातच राहिला. हे आमच्या टीमला तोंडपाठ! पण मी वामनदादा कर्डक लावले की लगेच, “काय लावून राहिला बे? इथं नको ना यार!”

का नको? वामनदादा (१९२२-२००४) मोठेपणी अक्षरं शिकले आणि आयुष्यभर भीमगीतं लिहीत, गात गावोगाव फिरले. ढोलकी, पेटी, सोपी चाल. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या वाटेवर पुस्तकांशेजारी आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या. लागोसच्या गरिबांबद्दल हळहळायला काही पडत नाही हो. वामनदादा जातीवर बोट ठेवतात, आणि ती जात शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलेली असते. म्हणजे मी.

मुंबईचे शाहीर विलास घोगरे तर यांना ऐकूनही माहीत नाहीत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. चारच दिवसांनी घोगरेंनी जीव दिला. त्यानंतर १८ दिवसांनी, २ ऑगस्टला, तिकडे फेला गेला.

घोगरेंवरून सुरू होणारी आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) ग्रुपवर टाकलीय. फेलाच्या व्हिडिओला अकरा थम्सअप होते. हिला अजून एकही नाही.