रविवारी सहाचे गृहस्थ

‘द ट्वेन्टी-फर्स्ट सेंचुरी’ नावाचे हे गृहस्थ १९६७च्या जानेवारीत अमेरिकेत घरोघरी यायला लागले. रविवारी संध्याकाळी सहाला, सीबीएस वाहिनीवरून, अर्धा तास. घराणं चांगलं. वडील ‘द ट्वेन्टिएथ सेंचुरी’ १९५७पासून झाल्या-गेल्या काळाच्या गोष्टी सांगत आलेले. जुन्या फिल्मांच्या पेट्या उपसायच्या आणि महायुद्धं उलगडायची. चिरंजीवांनी पुढचं सांगायचं मनावर घेतलं. पंचाईत एवढीच, की माहितीपट म्हणवून घ्यायचं आणि दाखवायची ती गोष्ट अजून घडलेलीच नाही! मग प्रयोगशाळा, मोठमोठी मॉडेलं आणि प्राध्यापक मंडळी यांच्यावर भागवायचं.

आवाज मात्र वडिलोपार्जित होता: वॉल्टर क्रॉन्काइट. केनेडी गेल्याची बातमी १९६३ साली ज्याच्या तोंडून देशाने ऐकली, तो माणूस. त्याने ‘कदाचित’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या कानावर ‘नक्की’ पडायचं. आणि गृहस्थ ‘कदाचित’ फार जपून पेरत. कुडमुड्या जोशालाही एवढं साधत नाही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला फेरफटका १२ मार्च १९६७चा, ‘ॲट होम, २००१’. तो इंटरनेटवर आजही तुकड्यातुकड्यांनी बघायला मिळतो. क्रॉन्काइट सुटाबुटात घरातल्या ऑफिसात उभे. उपग्रहावरून आलेल्या बातम्यांचा सारांश एका पडद्यावर. बटणाचा कान पिळला की वर्तमानपत्र छापून बाहेर. त्याच पडद्यावर शेअरचे भाव. फोनवर बोलणाऱ्याचा चेहरा बघायचा तर आणखी एक बटण. घरातल्या बाकीच्या खोल्यांवर लक्ष ठेवायला आणखी एक पडदा. कामावर जायला नको, काम घरी येईल, हा गृहस्थांचा लाडका सिद्धान्त. खोलीत बसून काम करणारा मात्र पुरुषच असणार, हे त्यांनी धरूनच टाकलेलं. यंत्रं सगळी चौतीस वर्षं पुढची, बिऱ्हाड १९६७चं.

यांना हसण्यात अर्थ नाही. २०२० साली आपण सगळे त्याच खोलीत जाऊन बसलो होतो. पण त्याच भागात त्यांनी एका सरकारी अहवालाच्या हवाल्याने सांगितलं होतं, की २००० सालापर्यंत अमेरिकेत आठवड्याला तीस तास काम आणि वर्षाला महिनाभर सुट्टी हा शिरस्ता होईल. पडदा आला, बटण आलं, चेहरा दिसणारा फोन आला; तीस तास तेवढे वाटेत कुठे उतरले कोण जाणे. ऑफिस घरात घेतल्यावर ते संध्याकाळी आपणहून निघून जाईल, असं भल्या माणसाला वाटलं असावं.

स्वयंपाकघरात तर त्यांची कळी खुलते. जेवणाचा बेत छिद्रं पाडलेल्या कार्डावरून यंत्राला सांगायचा. गोठवलेलं अन्न सरकत मायक्रोवेव्हमध्ये जाऊन काही सेकंदांत शिजणार. बटण दाबलं की हव्या तेवढ्या कपबश्या जागच्या जागी साच्यातून पडणार. जेवण झाल्यावर भांडी घासायचा प्रश्नच नाही: प्लास्टिक वितळवायचं, उष्टंखरकटं त्यातच नष्ट होणार, आणि रात्रीच्या जेवणाला त्याच प्लास्टिकच्या नव्या थाळ्या.

एवढं प्लास्टिक कुठून सुचलं म्हणावं? मालिकेचा खर्च उचलणारी कंपनी होती युनियन कार्बाइड. रसायनं, प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळंच करणारी. थाळ्या कंपनीने सुचवल्या असा आरोप मी करत नाही. पण ज्याच्या घरी पंगत, त्याच्या आमटीला कोण नावं ठेवणार? अमुक एक रसायन गळलं तर काय, असा प्रश्न २००१च्या त्या घरात कुणाला पडत नाही.

तेव्हा महाराष्ट्रात टीव्हीच नव्हता; मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२च्या २ ऑक्टोबरला. गृहस्थ आपल्याकडे कधी आले नाहीत, त्यांचे पोशिंदे मात्र आधीच आले होते. एव्हरेडीचे सेल घालून आपण टॉर्च पाजळत होतो, ते त्यांचेच. मुंबईजवळ, तुर्भ्याला त्यांनी रसायनांचा आणि प्लास्टिकचा कारखाना उभा केला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन मासिकांत त्याची जाहिरात येई: खाली बैलांचा नांगर धरलेला शेतकरी, आणि आकाशातून एक भलामोठा हात काचपात्रातलं लाल रसायन भारतावर ओततो आहे. चित्रकाराला यात काही वावगं वाटलं नाही. १९६९ साली, मालिका चालू असतानाच, भोपाळला कीटकनाशकांचा कारखानाही निघाला.

१९८४च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, तिथल्या एका टाकीतून चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन बाहेर पडलं. ते थंड ठेवावं लागतं. थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेली. सरकारचा पहिला आकडा २,२५९ मृतांचा, आणि तो कमीच होता. गृहस्थांच्या घरात प्रत्येक बटण दाबलं की चालत असे; यंत्र कुणी पैसे वाचवायला बंद ठेवील, ही शक्यता त्यांच्या एकविसाव्या शतकात नव्हतीच.

मालिका १९७०च्या सुमारास आटोपली. क्रॉन्काइट मात्र २००९पर्यंत जगले, म्हणजे खरं २००१ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या २००१च्याच फेब्रुवारीत डाऊ या कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळची जबाबदारी आपली नाही म्हणून हात झटकले. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा तसाच पडून राहिला. तो २०२५च्या जानेवारीत बारा ट्रकांतून इंदूरजवळ पिथमपूरला नेला, तेव्हा आमच्या दारात जाळू नका म्हणून पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले.