पुण्याचे दोन पूल : नावांत उरलेला इतिहास

१/५
पुण्यात मुठेच्या काठाने नव्या पुलापासून लकडी पुलापर्यंत चालत जाणाऱ्याला एक विसंगती जाणवते. नव्या पुलाने शंभरी ओलांडली आहे आणि लकडी पुलात लाकूड उरलेले नाही.

२/५
शनिवारवाड्याकडून महानगरपालिकेकडे नेणारा नवा पूल १९२३ साली खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव त्याला मिळाले. पुढे तो शिवाजी पूल झाला. लोकांच्या तोंडी मात्र तो आजही ‘नवा पूल’च आहे.

३/५
लकडी पुलाची कथा अधिक जुनी व दुःखद आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. त्याच जूनमध्ये नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देह ठेवला. पानिपताहून परतणाऱ्या सैन्यासाठी हा पूल घाईने लाकडात उभारला, असे परंपरा सांगते. कालांतराने तो कोसळला व तेथे दगडी पूल आला. अधिकृत नाव आज संभाजी पूल.

४/५
त्यानंतर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. मुठा थेट पेठांत शिरली. जुने पुणेकर आजही ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ असा काळ मोजतात.

५/५
पूल पुन्हा बांधता येतो, नामफलकही बदलता येतो. परंतु ‘लकडी’ हा शब्द जिभेवरून गेला, तर पानिपताच्या वर्षाची मुठेकाठची एक खूण कायमची पुसली जाईल. तिला जपण्यासाठी स्मारक नको. येता-जाता तो शब्द उच्चारणारी माणसे पुरेशी आहेत.