किटकॅट खिशात

परवा अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तो मिनेसोटात असतो. तिकडे हिवाळ्यात घरापुढचा बर्फ ज्याचा त्यानेच काढायचा. त्यासाठी 'स्नो ब्लोअर' नावाचं यंत्र मिळतं. पुढचं फिरतं पातं बर्फ आत ओढतं आणि नळीतून लांब फेकतं. बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तुमच्यासारखेच पूर्ण अंध आहेत, पण यंत्र स्वतः चालवतात."

मी सगळं खोदून खोदून विचारलं. सौ. शेजारून म्हणाली, "झालं! आता यांना बर्फ पाहिजे."

बर्फ पडला की आवाज दबतात आणि पायाखालच्या ओळखीच्या खुणा बुजतात. म्हणून ते गृहस्थ हिवाळ्याआधीच वाटेच्या कडेने काठ्या रोवून ठेवतात. एका कडेने सरळ जायचं, तसंच परत यायचं. कुणाची चाहूल लागली की मुठीतला दांडा सोडायचा, पातं थांबतं. आणि नळीत बर्फ अडकला तर हात कधीच घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो. बर्फ सुटला की ते झटका देतं आणि बोटं जातात.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण हा धडा मी घरीच शिकलो आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्यात बर्फ कुठला! पण कडबाकुट्टी यंत्र आहे. काचबिंदूने माझी दृष्टी हळूहळू गेली. घरच्यांनी एकेक काम प्रेमाने काढून घेतलं. आधी सायकल, मग बाजार, मग विहिरीवर जाणं. "तुम्ही बसा" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायचो. दोन गाईंची कुट्टी तेवढी मी हट्टाने ठेवली.

एका संध्याकाळी पेंढी अडकली आणि त्याच वेळी यंत्र थांबलं. चारा अडकून मोटर बसली असं मला वाटलं. डोळे असते तर घरातला दिवा गेलेला दिसला असता. मी हात पुढे केला. सौ. ओरडली, "अहो, लाईन गेली आहे, हात काढा!" हात मागे घेतला आणि लाईन आली. यंत्र धडधडून फिरू लागलं. आमच्या मोटरला साधा खटका. तो चालू राहिला की वीज येताच मोटर फिरणारच.

मी खाली बसलो. पुढचे तीन महिने यंत्राला हात लावला नाही. पण रोज विचार करत होतो. चूक अंधत्वाची नव्हती. शांतता म्हणजे यंत्र बंद, असं मी धरून चाललो ही चूक होती.

मग नियम केले. उभं राहण्याच्या जागी जमिनीत लाकडी ओंडका पुरला. पाय त्याच्या मागे असले की माझा हात रुळांपर्यंत पोचतच नाही. धोतर नाही, उपरणं नाही, अर्ध्या बाह्यांची बंडी. पेंढीचं शेवटचं टोक हाताने ढकलायचं नाही, पुढच्या पेंढीनेच सरकवायचं. नातवंडं अंगणात असली तर यंत्र सुरूच करायचं नाही. अडकलं तर आधी खटका बंद, मग किटकॅट काढून खिशात. खिशाला हात लावून खात्री केल्यावर, चाक थांबेतो पन्नास आकडे मोजून, तुऱ्हाटीच्या काडीने चारा मोकळा करायचा. पात्यांना धार मिस्त्रीच लावतो. आणि मळणीयंत्राच्या जवळ मी जात नाही. तिथे चार माणसांची घाई असते, आणि दुसऱ्याच्या घाईवर माझा ताबा नाही.

सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मुख्यतः मळणीयंत्रांमुळे. किती हात गेले असतील तेव्हा!

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. सोयाबीन काढताना मळणीयंत्रात त्याची चार बोटं गेली. मी कुट्टी करत होतो. तो बराच वेळ उभा राहून बघत असावा. यंत्र थांबल्यावर जवळ येऊन म्हणाला, "गुर्जी, मले त दोन्ही डोये होते."

मला काही बोलता आलं नाही. खिशातला किटकॅट काढून त्याच्या उरलेल्या हातावर ठेवला. बराच वेळ त्याने तो मुठीत धरून ठेवला होता. मागच्या आठवड्यात त्याचा मुलगा सांगत होता, की आता घरी यंत्राला हात लावण्याआधी बाप विचारतो, "किटकॅट कोनाच्या खिशात हाय?"

असो. भाच्याला म्हटलं, त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. आणि विचार, ते यंत्राची चावी कोणत्या खिशात ठेवतात. मी डाव्या ठेवतो.