फळ्यावरचे पंचशील

एम. ए. साठी मी राज्यशास्त्र घेतले आणि त्यात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय निवडला, तेव्हा गावाकडील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "पोरी, आपल्या घराला रशिया-अमेरिकेचं काय करायचंय? बी. एड. कर, नोकरी लागंल." दुसऱ्याच्या रानात राबून मुलांना शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. त्यांना द्यावे असे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते.

शिवाजी विद्यापीठातील पहिल्याच सत्रात फळ्यावर 'पंचशील' हा शब्द आला. आपल्या वसतिगृहात पहाटे उठून आपण सारे जे म्हणत असू, त्याहून हे पंचशील निराळे होते. भारत आणि चीन यांनी २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराविषयी करार केला. त्याच्या प्रस्तावनेत परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता आणि शांततामय सहजीवन अशी पाच तत्त्वे होती. आपले शील माणूस स्वतःहून ग्रहण करतो. समोरचा पाळतो की नाही, यावर ते अवलंबून नसते. राष्ट्रांचे पंचशील मात्र दोघांनी पाळले तरच टिकते.

हा भेद बाबासाहेबांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत मांडला होता. धम्मदीक्षेला अजून दोन वर्षे होती. पंचशील हा बौद्ध धम्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती, तर आपल्याच देशातील बौद्धांशी ते वेगळे वागले असते, असा त्यांचा मुद्दा होता. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतरच्या निवेदनातही त्यांनी परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले होते : ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण भरवशाचा मित्रच आपल्याला उरलेला नाही. बाबासाहेबांचे हे अंग आपल्या व्याख्यानमालांतून फारसे येत नाही, याची मला खंत वाटते. पुढे चीनशी युद्ध झाले. ज्या विद्यापीठात मी हे शिकत होते, त्याचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग लाची लढाई चालू होती.

पुस्तके बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींना एक पान लावायला कधी कधी तास लागे. पण लघुप्रबंधाचा विषय निवडताना मला फार लांब जावे लागले नाही. कोल्हापूरलगतच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. सोव्हिएत सत्तेने त्यांना १९४०-४१ मध्ये घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले होते. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर मॉस्को आणि लंडनमधील पोलिश सरकार यांच्यात समझोता झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते भारतात आले. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. कोल्हापूरच्या बाजारात त्यांची ये-जा असे.

या साऱ्याला आधार होता तो लंडनमधील सरकारचा. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या राजवटीला दिली. मान्यता हा आमच्या अभ्यासक्रमातला रुक्ष प्रकरणाचा विषय. परीक्षेपुरता पाठ करण्याचा. वळिवड्यात मात्र त्याचा अर्थ असा झाला, की ज्या सरकारच्या कागदांवर ही माणसे जगत होती, ते सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. गावाबाहेर राहण्याचा अनुभव आपल्या आजी-आजोबांना होता. देशाबाहेर, आणि आता देशाविना, राहणारी ही माणसे त्यांच्या काळात इतक्या जवळ होती. त्यांतील थोडे मायदेशी परतले. अनेकांनी ब्रिटन आणि इतर देशांची वाट धरली.

रिकाम्या झालेल्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच. माझ्या लघुप्रबंधाचे शेवटचे प्रकरण याच बराकींवर आहे.