आटवलेली लोकर

वस्त्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी विषय घेतला, तो मशीनवर विणलेलं कापड नमद्यासारखं घट्ट करण्याचा. जबलपूरच्या उन्हाळ्यात लोकर कोण चोळत बसणार, असं मैत्रिणींनी विचारलंच.

विभागात हाताने चालवायचं सपाट निटिंग मशीन होतं. त्याच्या प्रत्येक सुईच्या आकड्याला उघडझाप करणारी बारीक जीभ असते. कॅरेज सरकवली की आकडा नवा धागा पकडतो, जुना टाका जिभेला मिटवत तिच्यावरून घसरतो आणि सुईवरून उतरतो. आजी तासभर विणेल तेवढं कापड काही मिनिटांत खाली लोंबू लागतं. मी टेन्शन मुद्दाम सैल ठेवलं. टाक्यांत फट नसेल तर तंतूंना हलायला जागाच राहत नाही.

पहिला नमुना गंजीपुऱ्यातून आणलेल्या धाग्याचा होता. गरम पाणी, साबण, भरपूर चोळणं, सगळं झालं. कापड मात्र जसंच्या तसं. मग धाग्याचं टोक जाळून पाहिलं. ते वितळलं आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी झाला. म्हणजे अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि राख बोटांनी चुरडता येते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "बिटिया, स्वेटर के लिए तो सब यही ले जाते हैं।" त्याचंही खरंच होतं. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात; उष्णता, ओल आणि घर्षण मिळालं की केस एकमेकांत सरकतात, पण खवल्यांमुळे परत फिरत नाहीत. अ‍ॅक्रिलिकला खवलेच नाहीत. मशीनमध्ये धुता यावी म्हणून खवल्यांवर प्रक्रिया केलेली लोकरही इथे निरुपयोगी.

शेवटी लुधियानाहून शुद्ध मेरिनो मागवली. आमच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येईना, म्हणून नळाचं पाणी साठवलं. आजी दारात उभी राहून बघत होती. लोकर गार पाण्यात धुवावी, चोळू नये, पिळू नये, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. मी नेमकं त्याच्या उलट चालवलं होतं. "आटेल गं ते!" ती म्हणाली. आटायलाच हवं होतं.

40 सेंटिमीटरचा चौकोन उंचीला 27 आणि रुंदीला 32 वर आला. विणलेलं कापड रुंदीपेक्षा उंचीला जास्त आटतं, त्यामुळे चौकोन हवा असेल तर आधी उभट विणावं लागतं. टाके दिसेनासे झाले. मग आत्याने सोलापूरहून धनगराकडची लोकर पाठवली. ती इतकी राठ होती की मशीनवर चालेना. पिंजून, थापून, साबणाच्या पाण्यात रगडली. दक्षिण महाराष्ट्रातलं जेन नावाचं लोकरीचं अंथरूण असंच, न विणता बनतं. परीक्षकांना मेरिनो आवडली, मला मात्र हा दुसरा तुकडा जास्त आवडला. घोंगडीचा वास त्याला अजून होता.

गोहलपूरकडे सलवार-सूट शिवणाऱ्या एका कारागिराला मी मेरिनोचा तुकडा दाखवला. त्याने कात्रीने मधोमध कापला आणि कड ओढून पाहिली. एकही धागा सुटला नाही. ओव्हरलॉकचा खर्च वाचेल, पण कापड महाग पडेल, हा त्याचा हिशेब. तो बरोबर आहे. या कापडाचे कपडे इथे खपणार नाहीत. पिशव्या, चपलांचे तळ आणि टोप्या खपतील. करून बघणार असाल तर धाग्याचं टोक आधी जाळा, पैसे मग मोजा.